हरलेला संघ पुढच्या आठवड्यात परत आला पाहिजे : गावात टेबल टेनिसची साखळी स्पर्धा कशी चालवायची?

आपल्याकडे स्पर्धा म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? मैदानात मांडव, माईकवर आरडाओरडा, पहिलं बक्षीस अमुक हजार, दुसरं तमुक हजार, आणि पहिल्याच सामन्यात हरून टमटममध्ये बसून परत निघालेली पोरं. क्रिकेट असो, कबड्डी असो, व्हॉलीबॉल असो, सगळीकडे तीच बाद पद्धत. एकदा हरला की घरी.

हिशोब सोपा आहे. ३२ संघ आले तर पहिल्या फेरीतच १६ संघांची स्पर्धा संपते. पूर्ण स्पर्धेत ३१ सामने होतात, कारण प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो आणि शेवटी एकच उरतो. म्हणजे वर्गणी सगळ्यांनी भरायची, पण खरं खेळायला मिळतं ते चार-पाच संघांना. आणि ते चार-पाच संघ दर वर्षी जवळपास तेच असतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावात वेगळा प्रयोग झाला. टेबल टेनिसची साखळी स्पर्धा, म्हणजे लीग. सहा संघ, एक टेबल, दहा आठवडे. मी स्वतः त्यात खेळलो. आमचा संघ शेवटचा आला, हे आधीच सांगून टाकतो. पण शेवटच्या नंबरच्या संघानंच पहिला नंबर कुणाचा ते ठरवलं. ते कसं झालं आणि तुमच्या गावात असं काही करायचं असेल तर काय लागतं, ते या लेखात सांगतो.

टेबल टेनिसच का?

पहिलं कारण पाऊस. पेरणी झाली की मैदानं चिखलात जातात. क्रिकेट बंद, कबड्डी बंद. पोरं पारावर बसून मोबाईल बघतात. टेबल टेनिस छताखाली चालतं. इंग्लंडमध्ये हा खेळ जन्मला, तिथंही गावोगावच्या हौशी लीग बहुतेक सप्टेंबरच्या आसपास सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतात. तिकडे बाहेर थंडी आणि लवकर अंधार असतो, म्हणून माणसं हॉलमध्ये खेळतात. आपल्याकडे थंडीच्या जागी पाऊस, एवढाच फरक.

दुसरं कारण वय. आमच्या संघात तिघं होतो. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले अण्णा, मी, आणि नववीतली एक मुलगी. कबड्डीत असा संघ होईल का? टेबल टेनिसमध्ये होतो. चेंडूचं वजन फक्त २.७ ग्रॅम. ताकदीपेक्षा नजर आणि हात महत्त्वाचा.

तिसरं कारण म्हणजे टेबल गावात आधीपासून होतं. कुणीतरी दिलेलं, समाजमंदिरात पडून होतं. त्यावर मंडळाचे ढोल ठेवलेले असायचे. त्याच्या आदल्या वर्षी १५ ऑगस्टला त्यावर बाद पद्धतीनं एक दिवसाची स्पर्धा घेतली. संध्याकाळपर्यंत संपली. दुसऱ्या दिवशी ढोल परत टेबलावर. तेव्हा शाळेचे गुरुजी म्हणाले, "एका दिवसात उरकलं तर पोरं शिकणार कधी?" तिथून साखळी पद्धतीचा विचार सुरू झाला.

टेबल नसेल तर

तयार टेबल महाग असतं. सुताराकडून करून घेता येतं, पण मापं पक्की हवीत. लांबी २.७४ मीटर, रुंदी १.५२५ मीटर, उंची ७६ सेंटीमीटर. आपल्या भाषेत नऊ फूट बाय पाच फूट, उंची अडीच फूट. जाळी १५.२५ सेंटीमीटर, म्हणजे सहा इंच उंच. बाजारात प्लायवूडची शीट आठ बाय चारची मिळते. त्यामुळे पाच फूट रुंदीसाठी जोड द्यावा लागतो. तो जोड नीट घासून सपाट केला नाही तर चेंडू तिथं वेडावाकडा उडतो.

टेबल चांगलं झालं की नाही हे तपासायची सोपी युक्ती आहे. शाळेतली ३० सेंटीमीटरची फूटपट्टी टेबलावर उभी धरा. तिच्या वरच्या टोकापासून चेंडू नुसता सोडा, फेकू नका. तो साधारण २३ सेंटीमीटर उसळला पाहिजे, म्हणजे मोठ्या माणसाची एक वीत. टेबलावर पाच-सहा ठिकाणी असं करून बघा. सगळीकडे सारखं उसळलं तर टेबल खेळायला योग्य. पातळ प्लायवूड वापरलं की उसळी कमी येते.

जागेचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय सामन्यांना १४ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद जागा लागते. गावात एवढी मिळणं अवघड. आमचं समाजमंदिर त्यापेक्षा बरंच लहान आहे, तरी भागलं. टेबलाच्या दोन्ही टोकांना मागं सात-आठ फूट मोकळे हवेत, एवढं बघा. पंखा बंद ठेवा, चेंडू हलका असल्यानं वाऱ्यानं वळतो. आणि दिवा बरोबर टेबलाच्या वर हवा. एका बाजूनं उजेड आला की समोरच्याच्या डोळ्यांवर येतो आणि भांडणं होतात.

खेळाचे नियम, थोडक्यात

जुन्या लोकांना २१ गुणांचा गेम आठवतो. तो २००१ मध्ये बदलला. आता गेम ११ गुणांचा. दोन-दोन सर्व्हिस आलटून पालटून. १०-१० झालं तर एक-एक सर्व्हिस, आणि दोन गुणांनी पुढं जाईल तो जिंकला. चेंडू पूर्वी ३८ मिलिमीटरचा होता, आता ४० मिलिमीटरचा. २०१४ पासून मोठ्या स्पर्धांत सेल्युलॉइडच्या जागी प्लास्टिकचा चेंडू आला.

सगळ्यात जास्त वाद सर्व्हिसवर होतात. नियम असा : चेंडू उघड्या तळहातावर ठेवायचा, मुठीत धरायचा नाही. तिथून सरळ वर कमीत कमी १६ सेंटीमीटर उडवायचा. टेबलाच्या मागच्या कडेच्या मागूनच मारायचा. आणि समोरच्याला चेंडू दिसेल असा ठेवायचा, अंगाआड किंवा हाताआड लपवायचा नाही. आमच्याकडे पहिले दोन आठवडे अर्ध्या लोकांची सर्व्हिस चुकीची होती. मग सगळ्यांना फक्त ताकीद दिली आणि तिसऱ्या आठवड्यापासून गुण कापायला लागलो.

बॅटचंही एक सांगतो. १९५२ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत झाली होती. तिथं जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरी जिंकून गेला. तोपर्यंत बहुतेक सगळे साध्या रबराच्या बॅटनं खेळायचे. स्पंजवरून चेंडूचा आवाज कमी येतो आणि वेग वेगळा, त्यामुळे समोरच्याला अंदाजच येईना. सांगायचं कारण, आमच्या अण्णांची बॅट ही जुन्या दाणेदार रबराची, स्पंज नसलेली. पोरं आधी तिला हसायची. नंतर हसायची बंद झाली.

साखळी म्हणजे काय?

प्रत्येक संघ प्रत्येक संघाशी खेळणार. सहा संघ असतील तर एका फेऱ्यात प्रत्येकाच्या पाच लढती. दोन फेरे घेतले तर दहा. एकूण लढती ३०. आठवड्याला तीन लढती धरल्या की दहा आठवडे. आम्ही सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वार ठरवले. म्हणजे प्रत्येक संघाला आठवड्यातून एकच संध्याकाळ द्यावी लागते. शेतीवाल्याला हे जमतं.

वेळापत्रक काढायला कॉम्प्युटर लागत नाही. संघांना १ ते ६ नंबर द्या. १ नंबर जागेवर ठेवा, बाकीचे गोल फिरवा. पहिल्या फेऱ्याचं वेळापत्रक असं येतं :

पहिला आठवडा : १-६, २-५, ३-४
दुसरा आठवडा : १-५, ६-४, २-३
तिसरा आठवडा : १-४, ५-३, ६-२
चौथा आठवडा : १-३, ४-२, ५-६
पाचवा आठवडा : १-२, ३-६, ४-५

सहाव्या आठवड्यापासून हेच परत. पाचच संघ असतील तर सहाव्या नंबरला कुणीच नाही असं धरा. त्याच्याशी ज्याची लढत येईल त्याला त्या आठवड्यात सुट्टी.

एका लढतीत काय होतं?

प्रत्येक संघात तीन खेळाडू. आम्ही पाच एकेरी सामन्यांची पद्धत घेतली. एका संघाचे खेळाडू अ, ब, क आणि दुसऱ्याचे प, फ, भ धरले तर सामने असे : अ-प, ब-फ, क-भ, अ-फ, ब-प. म्हणजे पहिले दोघं दोन-दोन सामने खेळतात आणि तिसरा एक. प्रत्येक सामना पाच गेमचा, तीन जिंकले की सामना जिंकला. एका टेबलावर दीड ते दोन तासात लढत उरकते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पाच सामने असले की एखादा संघ ३-० वर गेल्यावर लढत जिंकतो. मोठ्या स्पर्धांत तिथं थांबतात. आम्ही थांबलो नाही. पाचही सामने खेळायचे आणि प्रत्येक सामन्याला एक गुण. लढत ४-१ झाली तर जिंकणाऱ्याला चार गुण आणि हरणाऱ्याला एक.

ही आमची अक्कल नाही. इंग्लंडच्या बऱ्याच गावठी लीगमध्ये अशीच पद्धत आहे. तिथं तीन विरुद्ध तीन, प्रत्येकजण समोरच्या तिघांशी खेळतो, असे नऊ एकेरी आणि एक दुहेरी. रात्रीला दहा गुण. आपल्याकडे टीव्हीवर दिसणारी अल्टिमेट टेबल टेनिस लीग २०१७ मध्ये सुरू झाली, त्यात पुण्याचा आणि मुंबईचाही संघ असतो. तिथं तर जिंकलेल्या प्रत्येक गेमचा गुण संघाच्या खात्यात जातो. कारण एकच. हरत असलेल्या खेळाडूलाही शेवटपर्यंत जोर लावावासा वाटला पाहिजे.

आमच्यावर वेळ आली तेव्हा

पहिल्या चार आठवड्यांत आम्ही चारही लढती हरलो. वीस गुणांपैकी आमच्या खात्यात तीन. पाचव्या आठवड्यात गाठ पहिल्या नंबरवर असलेल्या डेअरीच्या संघाशी. हे तिघं दूध संकलन केंद्रावरचे तरुण, रोज संध्याकाळी सराव करणारे.

त्या आठवड्यात मला रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायचं होतं, कारण पावसानं ओढ दिली होती. मी अण्णांना म्हणालो, "जाऊ द्या, आपण नाव काढून घेऊ. कशाला मार खायला जायचं?" अण्णा काही बोलले नाहीत. पण गुरुजींनी वहीतला नियम दाखवला. तो आम्हीच सगळ्यांनी मिळून सह्या करून ठरवलेला होता. एखाद्या संघानं मधेच स्पर्धा सोडली तर त्या संघाशी झालेल्या सगळ्या लढतींचे गुण सगळ्यांच्या खात्यातून पुसायचे. कारण काही संघ त्यांच्याशी खेळले आणि काही खेळलेच नाहीत, तर तुलना बरोबर होत नाही.

म्हणजे आम्ही गेलो तर चार संघांनी आमच्याविरुद्ध मिळवलेले गुण जाणार. आणि पुढच्या प्रत्येक आठवड्यात कुणीतरी एक संघ रिकामा बसणार. गुरुजी म्हणाले, "तुम्ही हरताय त्याचं कुणाला काही नाही. तुम्ही येत नाही म्हणालात तर सगळ्यांचं बिघडतं."

मी पाण्याची पाळी चुलतभावाशी बदलून घेतली आणि गेलो. ५-० नं हरलो. पण नाव काढलं नाही.

पोरीचा प्रश्न

दुसरी अडचण वेगळी होती. आमची तिसरी खेळाडू नववीतली. लढत संध्याकाळी सात वाजता सुरू व्हायची. तिसऱ्या खेळाडूचा सामना मधोमध येतो, म्हणजे साडेसात-आठ वाजायचे. तिची आई मला म्हणाली, "भाऊजी, खेळू द्या, पण अंधारात एकटी यायची नाही." तिचं बरोबर होतं.

मग सगळ्या संघांना विचारून ठरवलं की शाळकरी मुलामुलींचा सामना सगळ्यात आधी, तोही साडेसहाला. घरचं कुणीतरी सोबत येणार किंवा संघातला माणूस घरापर्यंत सोडणार. कुणी हरकत घेतली नाही. नंतर दुसऱ्या दोन संघांनीही शाळेतली पोरं घेतली. तुमच्याकडे लीग करायची असेल तर हा नियम पहिल्याच दिवशी करा. नाहीतर मुली येणारच नाहीत, आणि का येत नाहीत ते कुणी सांगणारही नाही.

शेवटचा आठवडा

पोळा आणि गणपतीत दोन आठवडे सुट्टी होती, कारण समाजमंदिर मंडळाकडे असतं. त्यानंतर उरलेल्या लढती झाल्या. मधे आम्ही एक लढत ३-२ नं जिंकलो. त्या दिवशी आमच्या आनंदाला पारावार नव्हता.

शेवटच्या आठवड्याआधी डेअरीचा संघ ३५ गुणांवर आणि शिक्षकांचा संघ ३३ वर. आम्ही ८ वर, तळाला. बुधवारी शिक्षकांनी आपली लढत ५-० नं जिंकली आणि ३८ वर गेले. शुक्रवारी डेअरीची लढत आमच्याशी. त्यांना चार गुण मिळाले की पहिला नंबर पक्का. मागच्या वेळी आमच्यावर पाच काढले होते. गावात सगळ्यांनी धरून चाललं होतं की डेअरीचाच नंबर. समाजमंदिर भरलेलं. खिडकीतसुद्धा पोरं.

पहिला सामना पोरीचा. तिनं डेअरीच्या तिसऱ्या खेळाडूला ३-१ नं हरवलं. दहा आठवड्यांत तिची सर्व्हिस इतकी सुधारली होती की त्याला ती परत टाकताच येत नव्हती. मी माझे दोन्ही सामने हरलो. अण्णा पहिला हरले. मग उरला अण्णांचा दुसरा सामना. लढत आम्ही १-३ नं हरलेलीच होती. बाद पद्धत असती तर लोक उठून गेले असते. पण त्या सामन्यावर पहिला नंबर अडकला होता, म्हणून कुणी हललं नाही.

अण्णा टेबलापासून लांब उभे राहून नुसते चेंडू कापून परत टाकत राहिले. दाणेदार रबरावरून आलेला चेंडू टप्पा पडल्यावर खाली बसतो. समोरचा जोरात मारायला जायचा आणि चेंडू जाळीत. पाचव्या गेमला अण्णा ११-८ नं जिंकले.

डेअरी ३५ अधिक ३, म्हणजे ३८. शिक्षक ३८. बरोबरी. वहीत नियम होता की गुण समान झाले तर त्या दोघांच्या आपसातल्या दोन लढती बघायच्या. पहिली डेअरीनं ३-२ नं जिंकलेली, दुसरी शिक्षकांनी ४-१ नं. बेरीज केली तर शिक्षक सहा, डेअरी चार. शिक्षकांचा पहिला नंबर. डेअरीवाल्यांना वाईट वाटलं, पण वाद झाला नाही, कारण नियम आधी लिहिलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला गेलो तर डेअरीवाला म्हणाला, "काका, अण्णांना सांगा, पुढच्या वर्षी आमच्याकडून खेळा."

आमचे शेवटी दहा गुण. सहावा नंबर.

सुरू करण्याआधी हे लिहून काढा

१. लढतीचे वार आणि वेळ. पेरणी, सण, काढणी बघून ठरवा. सोयाबीन काढणीआधी स्पर्धा संपली पाहिजे.
२. लढत पुढं ढकलायची असेल तर किती दिवस आधी सांगायचं आणि किती दिवसांत खेळायची. आम्ही एक दिवस आधी आणि पंधरा दिवसांत असं ठेवलं.
३. संघ आलाच नाही तर समोरच्याला पाच गुण.
४. संघानं मधेच सोडलं तर काय करायचं.
५. गुण समान झाले तर काय करायचं.
६. पंच कोण. ज्या दोन संघांची लढत नाही त्यांच्यातला एकजण पंच, हे सगळ्यात स्वस्त आणि बरं.
७. बक्षीस. रोख रक्कम ठेवू नका असं माझं मत. पैसे आले की बाहेरून खेळाडू आणले जातात आणि गावातला तिसरा खेळाडू बाहेर बसतो. आम्ही जमलेल्या वर्गणीतून चेंडू आणि जाळी आणली.

पालकांसाठी एक सूचना

काही पालकांनी विचारलं की या लीगचं प्रमाणपत्र दहावीला चालेल का. नाही चालणार. दहावी-बारावीचे खेळाचे वाढीव गुण असोत किंवा सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण असो, त्यासाठी शासनानं ठरवलेल्या अधिकृत स्पर्धाच लागतात. शाळेतल्या मुलांसाठी तो रस्ता शालेय क्रीडा स्पर्धांतून जातो. टेबल टेनिस त्या यादीत आहे, १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. नाव शाळेमार्फत जातं, आणि माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. गावच्या लीगचा उपयोग एवढाच की तिथं जायच्या आधी पोराच्या अंगावर दहा आठवड्यांच्या खऱ्या सामन्यांचा अनुभव असतो.

आमच्या संघातल्या पोरीचं नाव शाळेनं यंदा शालेय स्पर्धेसाठी दिलं आहे. टेबल अजून समाजमंदिरात उघडंच आहे. ढोल आता कोपऱ्यात ठेवतात.